प्रयोगशाळेतील त्वचा आणि मधले तीन आठवडे

त्वचादानाविषयी कुठेही बोलायला गेलो, की प्रश्नोत्तरांच्या वेळी हल्ली एक प्रश्न हमखास येतो. कोणीतरी मोबाईलवर पाहिलेली चित्रफीत आठवून विचारतो, "डॉक्टर, त्वचा आता प्रयोगशाळेतच तयार करतात म्हणे, मग गेलेल्या माणसाची कातडी काढून घेण्याची गरज काय?" प्रश्न रास्त आहे आणि विचारणाऱ्याच्या मनात आप्तांच्या देहाविषयी जी कालवाकालव असते तीही रास्त आहे. सभेत दोन मिनिटांत याचे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. मी शल्यचिकित्सक आहे, संशोधक नाही. भाजलेल्या रुग्णांशी माझा संबंध प्रशिक्षणाच्या काळात एका सार्वजनिक रुग्णालयाच्या बर्न्स वॉर्डात आला आणि मधुमेही रुग्णांच्या पायांवरील जखमा तर आजही रोज पाहतो.

त्वचा प्रयोगशाळेत वाढवता येते हे खरे आहे आणि त्या गोष्टीला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली आहेत. मात्र जे वाढवले जाते तो बहुतेक वेळा त्वचेचा एकच थर असतो. आपल्या त्वचेची वरची बाजू, म्हणजे बाह्यत्वचा, बहुतेक ठिकाणी जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी जाड असते. केराटिनोसाइट नावाच्या पेशी तिच्या तळाशी सतत विभागत राहतात, वर सरकत सरकत चपट्या व कठीण होतात आणि शेवटी झडून जातात. तिच्याखालची अंतस्त्वचा कितीतरी जाड असते. त्वचेची बळकटी, लवचिकपणा, रक्तवाहिन्या, स्पर्शाच्या संवेदना, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे या सगळ्यांचा आधार तीच. वरवर भाजले, तर केसांच्या मुळांत आणि घामाच्या ग्रंथींत शिल्लक राहिलेल्या पेशी वर येऊन जखम झाकतात आणि दोन-तीन आठवड्यांत ती भरते. पण अंतस्त्वचा संपूर्ण जळाली की त्या पेशीही गेलेल्या असतात, आणि अशी जखम फक्त कडांकडून, इंचाइंचाने, आकसत आणि व्रण धरत भरते. मान छातीला चिकटलेली, कोपर दुमडून बसलेले, बोटे एकमेकांना जोडली गेलेली, असे रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे आकसणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे रुग्णाच्याच अंगावरची चांगली त्वचा, सहसा मांडीवरची, पातळ काढून जखमेवर बसवणे. काढताना बाह्यत्वचेबरोबर अंतस्त्वचेचाही थोडा भाग येतो आणि म्हणूनच हा ग्राफ्ट टिकाऊ असतो. मांडीवर उरलेल्या अंतस्त्वचेतून ती जागा दोनेक आठवड्यांत पुन्हा भरून येते. १९६४ पासून या त्वचेला यंत्राने बारीक चिरा देऊन ती जाळीसारखी ताणण्याची पद्धत आली, त्यामुळे थोडी त्वचा जास्त जागेला पुरू लागली. तरीही निम्म्याहून अधिक शरीर खोल भाजले असेल, तर काढायला जागाच उरत नाही. मोठ्या माणसाची त्वचा सुमारे दीड ते दोन चौरस मीटर असते. तिच्यापैकी ८० टक्के गेली, तर उरलेल्या तुकड्यांतून किती काढणार, आणि भरून आल्यावर पुन्हा किती वेळा काढणार?

दुसऱ्याची त्वचा लावली, तर ती काही दिवस छान धरते आणि मग शरीर ती नाकारते. असे का होते याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धातील भाजलेल्या रुग्णांमुळे झाला. प्राणिशास्त्रज्ञ पीटर मेदावार आणि प्लॅस्टिक सर्जन थॉमस गिब्सन यांनी ग्लासगो येथे एका भाजलेल्या स्त्रीवर दात्याच्या त्वचेचे छोटे तुकडे लावले आणि ते नाकारले गेल्यावर त्याच दात्याचे तुकडे पुन्हा लावले. दुसऱ्या वेळी ते फार लवकर नाकारले गेले. शरीर परकी त्वचा ओळखते आणि ती ओळख लक्षात ठेवते, हे १९४३ च्या त्यांच्या निबंधातून स्पष्ट झाले. पुढे या विषयातल्या कामासाठी मेदावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आज मूत्रपिंड बदलण्याच्या शस्त्रक्रियेविषयी बोलताना ज्या शास्त्राचा आपण आधार घेतो, त्याची सुरुवात भाजलेल्या कातडीपासून झाली, हे माझ्या व्यवसायातल्या मंडळींनीही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणजे त्वचा हवी ती रुग्णाचीच, पण ती रुग्णाकडे नाही. ही कोंडी ज्या कामाने फोडली त्याचा आरंभ त्वचेशी अजिबात संबंध नसलेल्या प्रयोगात झाला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत हॉवर्ड ग्रीन यांच्या हाताखाली जेम्स ऱ्हाइनवाल्ड हे विद्यार्थी उंदराच्या टेराटोमा या अर्बुदाच्या, म्हणजे गाठीच्या, पेशी वाढवत होते. या अर्बुदात शरीराच्या निरनिराळ्या ऊतींच्या पेशी एकत्र सापडतात. त्या मिश्रणात मधूनच एका वेगळ्याच पेशींच्या दाट वसाहती दिसू लागल्या. त्या वेगळ्या काढून वाढवायला गेले की मरत आणि फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीच्या पेशी, शेजारी असल्या की फोफावत. निरखून पाहिल्यावर त्या बाह्यत्वचेच्या केराटिनोसाइट पेशी आहेत हे लक्षात आले. उंदराच्या या पेशींना जो शेजार लागतो तोच माणसाच्या पेशींना लागत असेल का, असा विचार करून या दोघांनी मानवी त्वचेच्या पेशी घेतल्या आणि त्या ३टी३ नावाच्या उंदराच्या फायब्रोब्लास्टांवर पसरल्या. या ३टी३ पेशी ग्रीन यांनी जॉर्ज टोडारो यांच्याबरोबर १९६३ मध्ये तयार केल्या होत्या. त्यांच्यावर किरणांचा मारा केला की त्या विभागत नाहीत, पण जिवंत राहून दुसऱ्यांना पोसतात. तोवर बशीत चार दिवस तग धरून संपणाऱ्या मानवी केराटिनोसाइट पेशी आता पिढ्यामागून पिढ्या वाढू लागल्या. १९७५ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. पुढच्या दोन-तीन वर्षांत वाढीस मदत करणारी आणखी द्रव्ये सापडली. त्यांपैकी एक पटकी या रोगाच्या जंतूचे विष आहे, जे अत्यल्प मात्रेत या पेशींना विभागायला प्रवृत्त करते.

वाढलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बशीत अखंड पापुद्रा तयार होतो. तो खरवडून काढला तर फाटतो. ग्रीन यांच्या प्रयोगशाळेने त्यासाठी डिस्पेज हे जिवाणूंपासून मिळणारे विकर (एन्झाइम) वापरले, जे पेशींची बशीला असलेली पकड सोडवते पण त्यांची एकमेकींशी असलेली पकड शाबूत ठेवते. सुटलेला पापुद्रा व्हॅसलीन लावलेल्या जाळीदार कापडावर उचलून जखमेवर ठेवायचा. त्यात पेशींचे थर असतात दोन ते आठ. काखेतून किंवा जांघेतून घेतलेल्या एक-दोन चौरस सेंटिमीटर त्वचेपासून तीन ते चार आठवड्यांत सगळे शरीर झाकता येईल इतके पापुद्रे मिळू शकतात. मला या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते आणि कितीही वेळा वाचली तरी तिचे नवल कमी होत नाही.

या पद्धतीची खरी कसोटी १९८३ मध्ये लागली. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ ज्वालाग्राही द्रावणाने पेट घेतल्यामुळे भाजले. दोघांचेही ९५ टक्क्यांहून अधिक शरीर भाजले होते आणि त्यातला बहुतांश भाग पूर्ण खोलीपर्यंत जळाला होता. त्या काळी इतके भाजलेले मूल वाचत नसे. बॉस्टनच्या श्रायनर्स बर्न्स इन्स्टिट्यूटमध्ये शल्यचिकित्सकांनी त्यांच्या काखेतली दोन चौरस सेंटिमीटर त्वचा काढून ग्रीन यांच्या प्रयोगशाळेकडे दिली. ग्रीन तेव्हा हार्वर्डमध्ये होते. पुढच्या काही महिन्यांत तिथून आलेल्या पापुद्र्यांनी दोघांच्याही शरीराचा सुमारे निम्मा भाग कायमचा झाकला गेला. दोघेही वाचले. १९८४ मध्ये ही हकीकत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आली आणि जगभरच्या बर्न्स विभागांत या पद्धतीची चर्चा सुरू झाली.

ही गोष्ट सांगणारे लोक एक बाब सहसा सोडून देतात. त्वचेचा नमुना काढल्यापासून पहिले पापुद्रे येईपर्यंतचे तीन-चार आठवडे ती मुले जिवंत राहिली कशी? जळालेली त्वचा लवकर कापून काढावी लागते, नाहीतर तिच्यात जंतू माजतात. आणि कापून काढली की अंगभर उघडी जखम उरते, जिच्यातून पाणी, क्षार आणि प्रथिने झिरपत राहतात, उष्णता निघून जाते आणि जंतूंना मोकळे दार मिळते. त्या मुलांच्या जखमा मृत दात्यांच्या त्वचेने आणि इतर तात्पुरत्या आवरणांनी झाकल्या होत्या. प्रयोगशाळेला वेळ मिळाला तो या आवरणांमुळे. माझे सगळे म्हणणे या मधल्या आठवड्यांभोवतीच आहे.

पापुद्रे आल्यावरही सगळे सुरळीत होते असे नाही. ते इतके नाजूक असतात, की जखमेत थोडा जरी जंतुसंसर्ग असला तरी विरघळून जातात, रुग्णाने कूस बदलली तरी घासले जातात. तयार झालेला माल सुमारे एका दिवसात वापरावा लागतो. धरल्यानंतरही महिनोन्महिने त्यांवर फोड येत राहतात, कारण बाह्यत्वचेला खालच्या थराशी बांधून ठेवणारे सूक्ष्म तंतू नव्याने तयार व्हावे लागतात. कॅरोलिन कॉम्प्टन यांनी बॉस्टनमधल्या अशा रुग्णांच्या त्वचेचे नमुने काही वर्षे तपासले, तेव्हा हे तंतू पुरते तयार व्हायला वर्षभर लागते असे दिसले. खाली अंतस्त्वचा नसताना फक्त वरचा पापुद्रा लावणे म्हणजे भिंत न बांधता गिलावा करण्यासारखे आहे.

म्हणून संशोधकांचे लक्ष खालच्या थराकडे वळले. बॉस्टनमध्येच जॉन बर्क हे शल्यचिकित्सक आणि एमआयटीतील आयोआनिस यानास हे पॉलिमर पदार्थांचे तज्ज्ञ यांनी गायीच्या कोलॅजेनचा, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या तंतुमय प्रथिनाचा, आणि शार्क माशाच्या कूर्चेतून मिळणाऱ्या एका शर्करायुक्त द्रव्याचा सच्छिद्र पडदा बनवला आणि त्यावर सिलिकॉनचा पातळ थर दिला. त्यात जिवंत पेशी मुळीच नाहीत. जखमेवर लावल्यावर रुग्णाच्या स्वतःच्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्या छिद्रांत शिरतात, आपले कोलॅजेन घालतात, आणि मूळ पडदा हळूहळू विरून जातो. दोन-तीन आठवड्यांनी सिलिकॉन सोलून काढून त्यावर अगदी पातळ ग्राफ्ट बसवायचा. १९८१ मध्ये त्यांनी पहिल्या दहा रुग्णांचा अनुभव मांडला. १९९६ मध्ये इंटेग्रा या नावाने त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. आज आपल्याकडेही मोठ्या शहरांतले प्लॅस्टिक सर्जन ते वापरतात, ज्याला परवडेल त्याच्यासाठी.

दुसरी वाट येल विद्यापीठाच्या चार्ल्स क्युओनो यांची. तिची माहिती सामान्य वाचकाला क्वचितच असते, म्हणून येथे थोडा थांबतो. १९८६ मध्ये त्यांनी असे दाखवले, की जळालेला भाग कापून काढल्यावर आधी मृत दात्याची त्वचा लावावी; ती धरली की दोन-तीन आठवड्यांनी तिची बाह्यत्वचा तेवढी खरवडून टाकावी आणि उरलेल्या अंतस्त्वचेवर रुग्णाच्या पेशींपासून वाढवलेले पापुद्रे बसवावेत. परकेपणाची ओळख करून देणाऱ्या पेशी प्रामुख्याने बाह्यत्वचेत असतात, तर अंतस्त्वचा मुख्यतः कोलॅजेनच्या तंतूंची असते, त्यामुळे ती टिकून राहते. अशा पायावर पापुद्रे अधिक चांगले धरतात आणि त्वचा अधिक बळकट होते. दात्याची त्वचा आणि प्रयोगशाळेतली त्वचा एकमेकींची जागा घेत नाहीत, एक दुसरीला उभी करते, हे याहून स्पष्ट कसे दिसावे? आणि दोन-तीन आठवड्यांचा तो हिशेबही पाहा: एकीकडे पापुद्रे वाढत असतात, तेवढ्याच काळात दुसरीकडे त्यांची जागा तयार होत असते.

खालचा थर शाबूत असला तर प्रयोगशाळेतली बाह्यत्वचा काय करू शकते, हे जर्मनीतल्या एका मुलाच्या बाबतीत दिसले. सीरियातून आलेल्या निर्वासित कुटुंबातला हा सात वर्षांचा मुलगा एपिडर्मोलिसिस बुलोसा या आनुवंशिक आजाराने ग्रासलेला होता. एलएएमबी३ या जनुकातील दोषामुळे बाह्यत्वचेला खाली धरून ठेवणारे एक प्रथिन त्याच्या शरीरात नीट बनत नव्हते, आणि साध्या स्पर्शानेही त्वचा सुटून येत होती. २०१५ मध्ये तो बोखुम येथील रुग्णालयात आला तेव्हा त्याच्या अंगावरची बरीचशी बाह्यत्वचा गेलेली होती आणि वेदनाशमनापलीकडे काही करण्याजोगे उरले नव्हते. इटलीतल्या मोदेना येथे मिकेले दे लुका यांच्या प्रयोगशाळेने त्याच्या त्वचेचा चार चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला, पेशींत दोषरहित जनुक घातले, पापुद्रे वाढवले, आणि टोबियास हिर्श व सहकाऱ्यांनी ते त्याच्या शरीराच्या सुमारे ८० टक्के भागावर बसवले. मुलगा शाळेत जाऊ लागला. २०१७ मध्ये नेचर या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि पाच वर्षांनंतरच्या तपासणीतही ती त्वचा टिकून होती. लक्षावधी पेशी बसवल्या, तरी दीर्घकाळ त्वचा चालवतात त्या मूठभर मूलपेशीच (स्टेम सेल), हेही त्यातूनच कळले. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत याच आजाराच्या दुसऱ्या एका प्रकारासाठी, रुग्णाच्याच दुरुस्त केलेल्या पेशींच्या पापुद्र्यांना परवानगी मिळाली. या मुलाची अंतस्त्वचा जळालेली नव्हती. भाजलेल्या रुग्णाला ते भाग्य नसते, आणि दोन्ही गोष्टी एकाच चित्रफितीत दाखवल्या, की पाहणाऱ्याला हा फरक कळत नाही.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येतो. जिवंत पेशी असलेल्या त्वचेच्या पर्यायांची सर्वांत मोठी बाजारपेठ पाश्चात्त्य देशांत मधुमेही पायाच्या जखमांची आहे. एमआयटीतल्याच यूजीन बेल यांनी कोलॅजेनमध्ये फायब्रोब्लास्ट वाढवून त्यावर केराटिनोसाइट पेशींचा थर देण्याची रीत शोधली. त्यातून पुढे निघालेल्या ॲप्लिग्राफ या उत्पादनाला अमेरिकेत १९९८ मध्ये शिरांच्या विकाराने पायावर होणाऱ्या जखमांसाठी आणि २००० मध्ये मधुमेही पायाच्या जखमांसाठी परवानगी मिळाली. यातल्या पेशी सुंता केलेल्या नवजात बाळांच्या कातडीतून घेतलेल्या असतात, म्हणजे परक्या असतात, आणि त्या रुग्णाच्या अंगावर कायम राहत नाहीत. काही आठवडे जगतात, तेवढ्या काळात वाढीची द्रव्ये सोडतात, आणि अडकून पडलेल्या जखमेला भरण्याच्या मार्गावर आणतात. मधुमेही पायाच्या २०८ रुग्णांच्या चाचणीत बारा आठवड्यांत ॲप्लिग्राफ लावलेल्यांपैकी ५६ टक्के रुग्णांच्या जखमा पूर्ण भरल्या, तर केवळ नीट ड्रेसिंग केलेल्यांपैकी ३८ टक्के.

हे आकडे मला दोन्ही अंगांनी महत्त्वाचे वाटतात. फरक खरा आहे, आणि ज्याचा पाय त्यामुळे वाचला त्याच्यासाठी तो सर्व काही आहे. पण दुसऱ्या गटातल्या ३८ टक्के लोकांच्या जखमा कशाने भरल्या, हेही पाहिले पाहिजे. मृत भाग काढून टाकणे, जखम स्वच्छ व ओलसर ठेवणे आणि पायावरचा भार हटवणे, एवढे या चाचणीत दोन्ही गटांसाठी केलेले होते. भार हटवण्याचे महत्त्व वैद्यकाला ज्यांनी पटवले त्यांत तमिळनाडूतील वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे पॉल ब्रँड हे अग्रगण्य होते. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात हा समज त्यांनी खोडून काढला आणि संवेदना गेलेल्या पायावर पुन्हा पुन्हा दाब पडल्याने जखमा होतात हे दाखवले. मधुमेहात नेमके तेच घडते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांना महागड्या पट्ट्या, मलमे आणि परदेशी आवरणे यांची माहिती असते, पण त्याच जखमेवर भार देऊन ते रोज बसस्टँडपासून चालत आलेले असतात. मऊ रबराची एमसीआर चप्पल, प्लास्टर, रक्तपुरवठ्याची तपासणी आणि आटोक्यातली साखर एवढे झाल्यानंतरच प्रयोगशाळेतल्या त्वचेचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. ज्या पायाला रक्तच पोहोचत नाही त्याच्यावर कोणतीही त्वचा जगणार नाही.

आपल्या देशात भाजण्याचे प्रमाण फार मोठे आहे. केंद्र सरकारच्या भाजण्यासंबंधीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात वर्षाला सुमारे ७० लाख लोक भाजतात आणि सुमारे १ लाख ४० हजार मृत्युमुखी पडतात असा अंदाज दिलेला आहे. माझ्या प्रशिक्षणाच्या काळात वॉर्डातल्या बहुतेक खाटांवर स्त्रिया असत; रॉकेलचा स्टोव्ह, जमिनीवरची चूल, सिंथेटिक साडीचा पदर ही कारणे पुन्हा पुन्हा लिहिली जात, आणि त्यांतली किती खरी असतील हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या मनात राहत असे. अशा रुग्णांसाठी मुंबईतल्या डॉक्टरांनी जे केले त्याचा मला अभिमान वाटतो. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग वापरून त्याचे निष्कर्ष १९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात माधुरी गोरे यांनी ग्राफ्ट काढलेल्या जागेवर केळीच्या पानाचे निर्जंतुक ड्रेसिंग वापरले, जे जखमेला चिकटत नाही आणि सोडताना रुग्णाला ओरडायला लावत नाही. हे गरिबीचे उपाय म्हणून कोणी हिणवू नयेत. जखम ओलसर ठेवणे आणि काढताना नवी त्वचा न उचकटणे, ही तत्त्वे त्यांत पुरेपूर पाळलेली आहेत. त्याच रुग्णालयात २००० साली देशातल्या सुरुवातीच्या त्वचापेढ्यांपैकी एक उभी राहिली, तीही गोरे यांच्याच पुढाकाराने. दान केलेली त्वचा येथे साठवून गरजू रुग्णांसाठी दिली जाते. पुढे नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आणि इतरत्र पेढ्या सुरू झाल्या. अलीकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयातील पेशी काढून टाकून उरलेल्या जाळ्यापासून जखमेसाठी आवरण विकसित केले आणि त्याला २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. आपल्याकडच्या खर्चाच्या मर्यादेत बसणारे असे काम मला फार मोलाचे वाटते.

पापुद्रे वाढवणारी प्रयोगशाळा चालवायची, तर निर्जंतुक हवेच्या खोल्या, प्रशिक्षित माणसे, दर रुग्णासाठी स्वतंत्र वाढ आणि रात्री-अपरात्री तयार माल शस्त्रक्रियागृहात पोहोचवण्याची सोय लागते. काही महानगरांत हे जमेल आणि जमायलाही हवे. त्यासाठी सरकारने पैसा घालावा असे मला मनापासून वाटते. पण जिल्हा रुग्णालयात ६० टक्के भाजून आलेल्या बाईला ते पापुद्रे मिळायचे झाले, तरी आधी तीन आठवडे काढावे लागतील, आणि बऱ्याच रुग्णांना मृत्यू गाठतो तो याच काळात, उघड्या जखमांतल्या जंतुसंसर्गाने.

प्रयोगशाळेतल्या त्वचेत अजून काय नाही, हेही सांगतो. घामाच्या ग्रंथी नाहीत, केसांची मुळे नाहीत, तेलाच्या ग्रंथी नाहीत. रंग अनेकदा जुळत नाही. झ्युरिक येथे बाह्यत्वचा व अंतस्त्वचा दोन्ही असलेली, रुग्णाच्याच पेशींची त्वचा वाढवून तिच्या चाचण्या चालू आहेत, आणि रक्तवाहिन्या आधीच घातलेल्या त्वचेवरही अनेक ठिकाणी काम चालले आहे. तरी घामाच्या ग्रंथी असलेली त्वचा अजून नेहमीच्या उपचारांत आलेली नाही. ज्याच्या शरीराचा मोठा भाग ग्राफ्टने झाकला आहे त्याला विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना कसा जातो, याचा विचार त्याला शेतावर किंवा भट्टीवर परत पाठवताना आपण डॉक्टर पुरेसा करत नाही. अशा माणसाला सावलीतले काम, अंगावर ओले कापड आणि तेल लावण्याची रोजची सवय, एवढे तरी आपण चिठ्ठीवर लिहून द्यावे.

आता त्वचादानाचे प्रत्यक्ष तपशील, कारण सभेत वेळ संपतो आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते. अठरा वर्षांवरील कोणाचीही त्वचा मृत्यूनंतर दान करता येते. वयाची वरची मर्यादा अडसर ठरत नाही, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असला तरी चालते. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सर्वांगी जंतुसंसर्ग, त्वचेचा कर्करोग किंवा पसरलेले त्वचारोग असतील तर त्वचा घेतली जात नाही. रक्तगट जुळावा लागत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा काढावी लागते आणि त्यासाठी पेढीचे पथक घरी येते, देह हलवावा लागत नाही. मांड्या, पाय आणि पाठ यांवरून फक्त वरचा पातळ थर यंत्राने काढतात, तेवढ्या भागावर बँडेज बांधतात आणि अर्ध्या-पाऊण तासात काम संपते. देह विद्रूप होत नाही, रक्त वाहत नाही, नेहमीप्रमाणे अंत्यसंस्कार करता येतात. काढलेली त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवली, की पाच वर्षांपर्यंत वापरता येते. ग्लिसरॉलमध्ये तिच्यातल्या पेशी मरतात, पण तंतूंचे जाळे राहते, आणि तेच रुग्णाच्या जखमेवर दोन-तीन आठवडे आवरण म्हणून काम करते. वेदना कमी होतात, पाणी झिरपणे थांबते, आणि खालची जखम ग्राफ्टसाठी तयार होते. दात्याने हयातीत अर्ज भरलेला नसला, तरी जवळच्या नातेवाइकांची संमती पुरते. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला तयार ठेवावा, घरात पंखा बंद करून थंडावा राहील असे पाहावे, आणि नेत्रदानही करायचे असेल तर दोन्ही पेढ्यांना एकाच वेळी फोन करावा, कारण सहा तासांची मर्यादा दोघांनाही सारखीच आहे.